आमची शुक्रवारची नदी

कुवेतमध्ये नदी नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं, पण मान्य नव्हतं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो घरी यायचा, उभ्याउभ्या चार घास खायचा आणि दारामागचे मासेमारीचे रॉड उचलून म्हणायचा, “नदीवर जाऊन येतो गो.” मी मान हलवायची. आठवडाभर वाकून वाकून मान तशीही आखडलेली असायची, हलवली की जरा बरंच वाटायचं.

मी खैतानला बायकांच्या कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करते. सहा दिवस मशीनवर. कुणाची बाही लांब, कुणाची कंबर सैल, कुणाच्या लेकीचं लग्न परवावर आलेलं, आणि प्रत्येकीला आजच्या आज हवं. शुक्रवार तेवढा माझा. तोही मासळीच्या वासात जायचा, कारण नदीवर जाणारे दोघं असले तरी मासे साफ करणारी मी एकटीच.

दुसरा म्हणजे नवऱ्याचा दोस्त, नाशिकचा इंजिनियर. तेलाच्या मोठ्या कंपनीत आहे, एगैलाला राहतो. माझा नवरा इमारतींच्या एसीची देखभाल करतो. एका उन्हाळ्यात साहेबांचा एसी बंद पडला, हा दुरुस्त करायला गेला, आणि गप्पांत मासेमारीचा विषय निघाला. तेव्हापासून दोघांची जोडी जमली ती जमलीच. साहेबांच्या बायकोला घरात मासळीचा वास चालत नाही. त्यामुळे पकडायची दोघांनी, आणि फ्रीज माझा. शुक्रवारी संध्याकाळी साहेब आमच्याकडेच जेवायचे आणि म्हणायचे, “वहिनी, असं कालवण जन्मात खाल्लं नाही.” जन्मात दर आठवड्याला खात होते.

ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, ती बोय. इथले अरब तिला मेद म्हणतात. बोय आमिषाला तोंड लावत नाही. ती शेवाळ आणि चिखल खाते, कोळंबीचा तुकडा नाकासमोर धरला तरी बघत नाही. तेव्हा तिला फसवता येत नाही, ओढूनच काढावी लागते. तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या, टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वर तीन काट्यांचा उघडा गळ. तो थव्याच्या पलीकडे फेकायचा, बुडू द्यायचा, आणि झटके देत देत आपल्याकडे आणायचा. काटा जिथे लागेल तिथे लागतो, पोटात, पाठीत, शेपटीत. बरेच झटके रिकामे जातात. घरी येईपर्यंत नवऱ्याचा उजवा खांदा भरून आलेला असायचा, आणि त्याला तेल लावून द्यायचं काम पुन्हा माझंच. माझ्या मानेला तेल कोण लावणार, हा प्रश्न त्याला कधी सुचला नाही.

आता नदी कुठली ते सांगते. एगैलाच्या पुढे दक्षिणेला, किनाऱ्याच्या एका कोपऱ्यात, रस्त्याखालून सिमेंटचा मोठा पाइप समुद्रात उघडतो. पावसाचं पाणी जावं म्हणून केलेला. इथे पाऊस वर्षातून दोन-चार दिवस पडतो, पाइपातून पाणी मात्र बारा महिने वाहतं. ते कुठून येतं ते विचारायचं नाही. एका थंडीत दोघांना ती जागा सापडली. पाइपाच्या तोंडाशी बोयांची एवढी दाटी की त्यांच्या पाठी पाण्याबाहेर दिसत होत्या. माझा नवरा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. आमच्याकडे पोराला पोहायला यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसलेली असते, की गोडं पाणी जिथे खाऱ्यात उतरतं तिथली बोय लठ्ठ आणि चवीची. बावांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला हेच सांगून वाढवलं. त्याने ते पाणी बघितलं आणि हरखून गेला. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर नाकाला रुमाल लावून पुढे गेला असता. खाडीवाल्याला तिथे नदी दिसली.

मी तो पाइप बघितला नव्हता, पण मासा साफ करणाऱ्या बाईपासून माशाचं पाणी लपत नाही. बोयीच्या पोटात आतून काळी साल असते, ती घासून काढली नाही तर कालवण कडू होतं. आमच्या खाडीच्या बोयीलाही ती असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथल्या बोयांच्या आतड्यातला चिखल साबणासारखा बुळबुळीत, आणि त्याला रॉकेलचा वास. हळद, मीठ, चिंच, पुन्हा मीठ. दुसऱ्या दिवशीही माझे हात वास मारायचे, आणि दुकानात नव्या कोऱ्या कापडाला हात लावायची लाज वाटायची.

मी सांगितलं. दर शुक्रवारी सांगितलं. “ही मासली मोरीतली हाय.”

“बोय चिखल खाते गो. वास येनारच.”

पालथ्या घड्यावर पाणी. आमची मुलगी तर स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगायची, “मम्मा, आय अ‍ॅम नॉट ईटिंग दॅट,” आणि अंडं तळून घ्यायची. मीही खात नसे. खाणारे दोघंच, आणि इतकी वर्षं खाऊन दोघंही ठणठणीत, हाच त्यांचा पुरावा. एकदा नवरा हात धुवायला उठला तेव्हा मी साहेबांनाच विचारलं, “तुम्ही एवढे शिकलेले. पाण्यात काय असतं ते तुम्हाला कळत नाही का?” साहेब ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, आठवडाभर कंपनीत मी तेच बघतो. शुक्रवारी नाही बघत.” मला राग आला आणि लगेच उतरलाही. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मलाही घरी आल्यावर कुणाच्या कपड्याची शिलाई बघावीशी वाटत नाही.

मागच्या थंडीत बावा आले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. गावच्या घरात ते एकटे, शेजारीण दोन वेळ डबा देत होती आणि डबा तसाच परत जात होता. नवऱ्याने व्हिजिट व्हिसा काढला आणि जाऊन तो त्यांना घेऊन आला. विमानतळावर मी त्यांना ओळखलंच नाही. कमरेभर पाण्यात उभं राहून पाग फेकणारा माणूस हा. ते जाळं पाण्यावर गोल उघडताना बघायला नव्याने लग्न होऊन आलेली मी कुंपणाशी उभी राहायची. आता सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

बावा जेवत नव्हते. दोन घास घ्यायचे, मग भातात नुसती बोटं फिरवत राहायचे आणि म्हणायचे, “पोट भरला.” डॉक्टरला दाखवलं, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. नवरा गच्च्यांवरचे एसी दुरुस्त करून दमून यायचा, अंगावरचे कपडेही न बदलता त्यांच्यासमोर बसायचा. अजिजी करायचा, रागवायचा. बावा त्याच्या समाधानासाठी एक घास घ्यायचे. तो घास बघवायचा नाही, मी उठून आत जायची. नवऱ्याने बाजारातून चांगल्यातलं पापलेट आणलं, हामूर आणला. बावांनी बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, “बर्फातली हाय.” झाली त्यांची चौकशी.

मग एका दुपारी झोपून उठल्यावर ते आपणहून म्हणाले, “बोय मिलते काय रे हिकडे?”

नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला. “मिलते ना बावा. आमची नदी हाय. मी तुमाला व्हिडिओ पाठवलेला.”

पाठवला होता खरा. एक नाही, पुष्कळ. त्यांत पाणी होतं, उड्या मारणाऱ्या बोया होत्या, साहेबांचं हसू होतं. पाइप नव्हता. पाइप नेमका कडेला सुटेल असाच फोन धरलेला असायचा.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आमचं भांडण झालं. हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडे बावा.

“बावांच्या ताटात ती मासली मी वाढनार नाय,” मी म्हटलं.

“इतकी वर्षं आमी खातो. मेलो काय?”

“तुमी धडधाकट. ते दोन घासांवर हायत. त्यांच्या पोटाने काय झेलायचा?”

“अगो, कधी नाय ता आज बावांनी तोंडाने काय तरी मागितलानी.” त्याने भिंतीकडे हात केला. “आनि ताच मी द्यायचा नाय?”

मला कळत होतं त्याचं. डोळ्यांसमोर बाप झिजतोय, आपल्या हातात करण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तीही बायको करू देत नाही. पण माझंही खोटं नव्हतं. बराच वेळ मी ओट्याला टेकून उभी राहिले. भांडायचाही कंटाळा आला होता. शेवटी म्हटलं, “बावांना घेऊन चला. जागा दाखवा. आख्खी दाखवा, व्हिडिओसारखी नको. बघून ते खातो बोलले, तर मी रांधीन.”

“बरा,” तो म्हणाला.

“आनि मी पन येनार.”

नवऱ्यावर माझा विश्वास आहे. त्याच्या फोन धरण्याच्या हातावर नाही.

शुक्रवारी पहाटेपासून मी कामाला लागले. कोंबडीचा पुलाव, चहाचा थर्मास, चटई, घडीच्या खुर्च्या, बावांची शाल. मुलगीही आली, म्हणजे तिला ओढून आणली. साहेबांची गाडी मोठी, सगळे मावलो. बावा पुढे बसले होते आणि काचेतून काहीच न बघता मांडीवर हात ठेवून होते. रस्त्यात एकदा त्यांनी विचारलं, “खाडी केवडी लांब?” नवरा म्हणाला, आली बावा.

उतरल्या उतरल्या मला तो ओळखीचा वास आला. माझ्या स्वयंपाकघरातला. बावांना आला की नाही कुणास ठाऊक, सासूबाई गेल्यापासून त्यांना कसलाच वास लागत नाही असं ते म्हणत. नवऱ्याने त्यांची खुर्ची अशी मांडली की पाइप मोठ्या दगडांच्या आड राहील. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानेही बघितलं. म्हटलं, जाऊ दे, चहा होऊ दे. मग मी स्वतः हाताला धरून दाखवते.

पण चहा पिता पिता बावा हळूहळू जागे व्हायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. आधी नुसते बसले होते, मग पुढे सरकले, मग गळ फेकणाऱ्या नवऱ्याला सांगायला लागले. “घाई नको करू. बुडू दे. आता.” थोड्या वेळाने मान हलवून म्हणाले, “ही कसली मासेमारी? ही नुसती ओढाओढ.” साहेब खो खो हसले. बावांच्या ओठांच्या कडेलाही काहीतरी हललं. मग ते उठले आणि रॉड मागितला. हातात जोर नव्हता, झटका अर्ध्यातच विरायचा. नवऱ्याने मागून त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. दोघं मिळून झटके देत होते, बाप पुढे, लेक मागे. काटा लागला तेव्हा रॉड वाकला आणि दोघंही एक पाऊल पुढे ओढले गेले.

चांगली हातभर बोय होती. बावांनी तिला कल्ल्यात बोट घालून उचललं, अंड्यांनी फुगलेल्या पोटावरून अंगठा फिरवला. “गाभोली हाय,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “पोरी, ह्याचा कालवन कर आज. तिरफल हाय काय घरात?”

तिरफळ होतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पाइप दाखवायची हीच वेळ होती. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. माझी जीभ उचलली नाही. बोय बादलीत गेली.

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची वेळ झाली तशी बावा हातपाय-तोंड धुऊन वजू करायला उठले. समोर एवढा समुद्र होता. पण पाणी वाहिल्याचा आवाज ज्याच्या कानात जन्मापासून आहे, तो गोडं पाणी जवळ असताना खाऱ्याने चूळ कशाला भरेल? खाडीवर त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. आवाजाच्या दिशेने ते दगडांना वळसा घालून गेले. आम्ही चटई झटकत होतो. मी मान वर केली तेव्हा ते पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले होते, बाह्या कोपरापर्यंत वर. पाणी दिसायला स्वच्छ. कडेला तेवढा पांढरा फेस. त्यांनी मनगटापर्यंत हात धुतले. मग चूळ भरायला ओंजळ भरून घेतली.

माझ्या तोंडून काही निघायच्या आत नवऱ्याने रॉड टाकला. बुटांसकट पाण्यातून धावत गेला, दगडावर घसरला, गुडघा आपटला, आणि बावांची ओंजळ ओठांशी पोचली असताना त्याने त्यांचं मनगट धरलं.

“बावा, थांबा. ता पानी तोंडात नका घेऊ.”

बावांनी वर बघितलं. “का रे? गोडा हाय ना?”

“गोडा हाय.”

“मग?”

नवऱ्याने मनगट सोडलं नाही. बावांनी पाइपाकडे बघितलं, आत, जिथे अंधार होता तिथपर्यंत. मग पाण्याकडे. त्या दोघांच्या पायांभोवती बोया फिरत होत्या, निवांत, तोंडं उघडमीट करत. मग त्यांनी लेकाकडे बघितलं. माशाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ओंजळ उघडली, पाणी सोडून दिलं आणि म्हणाले, “धर मला. समुद्रावर ने.”

त्यांनी खाऱ्या पाण्याने वजू केली आणि वाळूत चटई घालून नमाजला उभे राहिले. नवरा परत आला. त्याने बादली उचलली आणि पाण्यात उपडी केली. गाभोळीवाली बोय अजून जिवंत होती. ती एका अंगावर कलली, मग सावरली आणि गेली. बाकीच्या तशाच तरंगत राहिल्या. मुलगी म्हणाली, “पप्पा, व्हाय आर यू थ्रोइंग देम?” साहेबांनी आपला तंगूस गुंडाळला, गळ डब्यात ठेवला, झाकण लावलं.

इतकी वर्षं मी जे सांगत होते ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मला वाटायचं, तो दिवस आला की मी कमरेवर हात ठेवून म्हणेन, बघा, बोलले होते की नाही. आता तो दिवस आला होता आणि मला कशाचाच आनंद नव्हता. त्याच्या पँटवर गुडघ्याशी रक्त आलं होतं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर माझीही.

तो चटईवर पाण्याकडे पाठ करून बसला. “आता काय खायला घालू त्यांना?” तो म्हणाला. मला विचारत होता की स्वतःला, कळलं नाही. मी पातेल्याचं झाकण काढलं आणि पुलाव वाढायला घेतला. अशा वेळी बायका दुसरं काय करतात?

नमाज आटोपून बावा आले आणि त्याच्या शेजारी बसले. मी दोघांच्या पुढे ताटल्या ठेवल्या. नवऱ्याने आपली बाजूला सारली.

“जेव,” बावा म्हणाले.

“भूक नाय.”

बावांनी ती ताटली पुन्हा लेकापुढे ओढली. स्वतःच्या ताटलीतली तंगडी उचलली, हाडावरचं मांस बोटांनी सोडवलं, आणि त्याच्या भातावर ठेवलं. सगळं हाड साफ केलं. नवऱ्याच्या दाढीत पांढरे केस आहेत, चष्म्याशिवाय त्याला वाचता येत नाही. तो मान खाली घालून खायला लागला. त्याने घास घेतला की बावा बघायचे, आणि मग स्वतः एक घास घ्यायचे. तो थांबला की तेही थांबायचे, आणि त्याच्याकडे बघत राहायचे, तो पुन्हा खायला लागेपर्यंत. साहेब समुद्राकडे बघत होते, मुलगी फोनकडे, मी पातेल्याकडे. बावांकडे बघायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती, न जाणो त्यांचा हात आखडला तर. त्यांच्या ताटलीला बोटं लागल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की ती रिकामी झाली आहे.

“पोरी,” बावा म्हणाले, “भात हाय काय अजून?”

पातेलं तळाला आलं होतं. मी अजून जेवले नव्हते.

“हाय बावा,” मी म्हटलं, आणि होता तेवढा खरवडून त्यांना वाढला.